निम्म्या मापाचं मेज

आमच्या धर्मग्रंथातले सगळ्यांत कंटाळवाणे अध्याय कोणते, असं कुठल्याही ज्यू मुलाला विचारा. ते सामानाचे अध्याय सांगेल. समुद्र दुभंगून झालेला असतो, डोंगर धुमसून झालेला असतो, आणि मग देव एकाएकी सुतारकाम सांगायला लागतो. मेज बाभळीचं हवं, दोन हात लांब, एक हात रुंद, दीड हात उंच. वरून सोनं मढवायचं. भोवती चार बोटं रुंदीची पट्टी, कोपऱ्यांना कड्या, कड्यांतून दांडे. तसाच आज्ञांच्या पाट्या ठेवायचा कोश, मग दीपवृक्ष, मग वेदी, मग पडदे आणि पडद्यांचे आकडे. पानंच्या पानं हेच. मोठी माणसंसुद्धा इथे जांभया देतात.

मला मात्र हे अध्याय लहानपणापासून आवडायचे. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले मराठी ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून गावं आमच्या पूर्वजांना ओळखायची. ठाण्याच्या घरात वडील हे अध्याय मराठीतून मोठ्याने वाचायचे आणि मी फरशीवर खडूने ते मेज काढायचे. दर वेळी माझं मेज वेगळं निघे, कारण पाय कसे असावेत हे देवाने सांगितलेलंच नाही. पुढे मी मेकॅनिकल इंजिनियर झाले आणि डच मुलखात आइंडहोवनजवळ राहायला आले. चिप बनवणाऱ्या यंत्रांचे भाग डिझाइन करणं हे माझं काम. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेली स्पेसिफिकेशन वाचायची आणि त्यातली भोकं शोधायची. त्या अध्यायांचं आणि माझं जुळलं ते असं.

हे सगळं शांतपणे लिहायचं ठरवलं होतं. पण बसले की अजून कानशिलं तापतात. तेव्हा जसं येईल तसं लिहिते.

आमच्या घरापासून तासाभरावरच्या एका शहरात छोटंसं सिनेगॉग आहे, आमचं प्रार्थनास्थळ. मोजकीच कुटुंबं. आम्ही तिथे कित्येक वर्षं जात होतो. मी, माझा नवरा आणि आमची मुलगी. नवराही आमच्याच समाजातला, पेणचा, आयटीतला. त्यांची वेबसाइट तोच सांभाळायचा. सणाच्या जेवणाला मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभी असायचे, बॉयलर बंद पडला की तो उघडायलाही मीच. या सगळ्या वर्षांत आम्ही कोण, कुठले, असं कोणी विचारलं ते फक्त कौतुकाने. इंडियात ज्यू आहेत? मराठी बोलतात? किती छान!

मग महामारी आली आणि सिनेगॉगला कुलूप लागलं. मुलांचा रविवारचा वर्ग स्क्रीनवर आला. वर्ग घेणारी बाई सत्तरी ओलांडलेली, उंच, काटकुळी, निवृत्त शिक्षिका. इथली मुलं शिक्षिकेला युफ म्हणतात, म्हणून आम्हीही तिला युफच म्हणायचो. सामानाचे अध्याय आले तेव्हा मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. युफ हातांनी माप दाखवत होती आणि एकेक मूल आपला कॅमेरा बंद करत होतं. शेवटी माझी मुलगी आणि एका घरचं मांजर एवढेच स्क्रीनवर उरले.

"युफ," मी मुलीच्या खांद्यावरून वाकून म्हटलं, "यातली एखादी वस्तू मी करून दाखवू का?"

"तुला करता येईल?" तिने विचारलं.

"हेच तर करते मी."

ती खूश झाली. पण तिने दोन गोष्टी बजावल्या. मंदिरातल्या सामानाची हुबेहूब नक्कल करायला आपल्याकडे मनाई आहे. तेव्हा सगळं निम्म्या मापाने कर. आणि दीपवृक्षाच्या मधल्या दांड्यावर दिवा ठेवू नकोस, कडेच्या सहा फांद्यांवरच ठेव. मी म्हटलं, ठीक. नियम असले की मला कामाला जोर चढतो.

पहिला प्रश्न हाताचा. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, पण कोणाचा? नवऱ्याचा माझ्यापेक्षा चांगला लांब. मुलगी म्हणाली, "माझा घे. मी वाढतेय, तर मेजही वाढेल." ती मराठी सगळं समजते, पण उत्तर देते ते इंग्रजीत नाहीतर डचमध्ये; हेही तिने अर्धं एकात, अर्धं दुसऱ्यात सांगितलं. शेवटी माझाच हात ठरला.

मग बाभूळ. आपल्याकडे देशावर बाभूळ कोणी शोधत नाही, तीच पायात सापडते. इथे लाकडाच्या वखारीत अकेशिया म्हणून विकतात ती खरी बाभूळ नव्हे. रोबिनिया नावाचं दुसरंच झाड आहे. पण तेही काटेरी, कठीण आणि पावसात न कुजणारं. दुकानात आत जायची बंदी होती. फोनवर ऑर्डर द्यायची आणि ठरल्या वेळी वखारीच्या दारात जाऊन उचलायचं. फळ्या गाडीत घालताना तिथल्या माणसाने मास्कमागून विचारलं, कुंपणाला का? मी म्हटलं, हो.

मागच्या अंगणात सायकली ठेवायची लाकडी खोली आहे, तिथे मी काम मांडलं. दिवसभर स्क्रीनसमोर बसून डोळे शिणले की रंधा हातात घ्यायचा. ते लाकूड रंध्याखाली पिवळं निघायचं आणि वास कच्च्या शेंगांसारखा. मला बरं वाटायचं. बाहेर सगळं ठप्प होतं. ठाण्यात आई एकटी होती, विमानं बंद होती, आमच्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या माणसांच्या खिडक्यांचे पडदे उघडायचे थांबले होते. अशा दिवसांत चार पाय चौरस उभे राहिले आणि मेज डुगडुगलं नाही, याचा आनंद मी सांगू शकत नाही.

सोन्याऐवजी पितळेचा पातळ पत्रा घेतला. मुलगी कडांवर बोटं फिरवत पत्रा दाबून बसवायची. एकदा म्हणाली, "सगळं झाकूनच टाकायचं तर लाकूड कुठलं याने काय फरक पडतो?"

"उचलून न्यायचं होतं ना वाळवंटातून," मी म्हटलं. "नुसतं सोनं कोणाला उचलणार? आत हलकं आणि टिकाऊ हवं."

दीपवृक्षाने मात्र माझा छळ केला. फुलांच्या वाट्या किती, बोंडं कुठे, पाकळ्या बदामाच्या फुलासारख्या, हे सगळं देव बारकाईने सांगतो, पण उंची सांगत नाही! वजन सांगतो, एकाच तुकड्यातून ठोकून घडवा म्हणतो, आणि उंचीबद्दल चकार शब्द नाही. असं ड्रॉइंग माझ्याकडे आलं असतं तर मी परत पाठवलं असतं. ठोकायची आमची ताकद नव्हती. मी पितळी नळ्या वाकवून जोडल्या. मुलीने बदामाच्या पाकळ्या कापल्या, तिची बोटं चिरली, तरी तिने सोडलं नाही.

निर्बंध थोडे सैल झाले तेव्हा मेज आणि दीपवृक्ष आम्ही सिनेगॉगमध्ये नेले. मुलं अंतर ठेवून बसली होती आणि तरीही पुढे पुढे सरकत होती. कड्यांत दांडे घालून त्यांनी मेज खोलीभर मिरवलं. युफच्या डोळ्यांत पाणी आलं. सिनेगॉगच्या मंडळींचे अध्यक्षही आले होते. निवृत्त वकील, नेहमी इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ. ते म्हणाले, "हे इथेच राहू दे ना. सगळ्यांना बघता येईल." मी आनंदाने हो म्हटलं. सभागृहात खिडकीजवळ दोन्ही वस्तू मांडल्या गेल्या, त्यांचे फोटो निघाले, मंडळींच्या पत्रकावर पहिल्या पानावर आले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मुलगी धर्माच्या हिशेबाने सज्ञान होणार होती. आमच्याकडे त्या वयाला मूल पहिल्यांदा सगळ्यांसमोर उभं राहून ग्रंथातला त्या आठवड्याचा भाग वाचतं. तिचा आठवडा पाहिला तर आला कुठला? सामान प्रत्यक्ष घडवतात तो. मी तर नाचायचीच बाकी होते. अध्यक्षांना तारखेसाठी लिहिलं. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला.

मी जेवणाच्या टेबलाशी होते. दुसऱ्या टोकाला मुलगी गृहपाठ करत होती, तिच्या कानात हेडफोन.

"तारीख द्यायला आम्हाला आनंदच आहे," अध्यक्ष म्हणाले. "फक्त एक छोटीशी औपचारिकता आहे."

"कसली?"

"तुमच्या समाजाबद्दल आम्हाला अतिशय आदर आहे. तुमचे पूर्वज जहाज फुटून कोकणकिनाऱ्याला लागले, ही दंतकथा तर किती सुंदर आहे. पण धर्म आईकडून येतो. आईची आई, तिची आई, ही साखळी अखंड आहे याची खात्री देणारं आपल्याकडे काही नाही."

मला आधी कळेचना. मी म्हटलं, "माझ्या आईवडिलांचा लग्नाचा करार आहे माझ्याकडे. सिनेगॉगच्या सहीशिक्क्याचा. आजीचाही मिळेल."

"हो, हो. पण ते सिनेगॉगही तुमच्याच समाजाचं ना."

हे वाक्य त्यांनी इतक्या हळुवारपणे उच्चारलं, जणू मला दुखलेल्या दातावर लवंग देत होते.

"मग काय करायचं म्हणता?"

"तीन जणांच्या मंडळासमोर थोडं बोलणं आणि मग धार्मिक स्नान. तुम्ही आणि मुलगी दोघींनी. एका दुपारचं काम. आम्ही त्याला धर्मांतर म्हणत नाही. निश्चिती म्हणतो."

मी स्क्रीन बंद केली आणि वर पाहिलं, तर मुलीने हेडफोन काढून टेबलावर ठेवले होते.

"सो व्हॉट अ‍ॅम आय नाउ?" ती म्हणाली. मग, क्वचितच करते तसं, मराठीत: "आई, मी आत्ता कोण आहे?"

मुलीने हे विचारावं अशी वेळ एका मऊ आवाजाच्या माणसाने आणली, याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही.

नवरा शांत स्वभावाचा. तो म्हणाला, "त्यांचे नियम असतील. वाद कशाला? बुडी मारा आणि मोकळ्या व्हा." त्यावर मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ठाण्याला आईला व्हिडिओ लावला. वाटलं, आई तरी पेटून उठेल. तिने सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पदराने पुसला.

"मार बुडी," ती म्हणाली. "पाणीच तर आहे."

"आई! तू असं म्हणतेस?"

"मग काय म्हणू? तुझ्या मोठ्या मावशीने मारली होती. इस्रायलला गेली तेव्हा, लग्न ठरलं होतं तिचं. तिथल्या लोकांनी असंच सांगितलं. बाकीचे आपले लोक रस्त्यावर बसले, उपोषणं केली, भांडले. ही घाबरली. लग्न मोडेल म्हणून गेली गुपचूप आणि करून आली."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तिने शपथ घातली होती. आता ती नाही, म्हणून सांगते." आईने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "लग्न झालं तिचं, मुलंबाळं झाली, सगळं चांगलं झालं. पण त्यानंतर तिने आपल्या आईला कधी पत्र लिहिलं नाही. मला लिहायची, भावांना लिहायची. आईला नाही. तुझी आजी टपालवाल्याची वाट बघत बसायची. मी एकदा तुझ्या मावशीला विचारलं, का गं? तर म्हणाली, तिथे तीन पुरुषांसमोर मी मान डोलावली, की माझ्या आईबद्दल खात्री नाही. आता तिला काय लिहू?"

"आणि तरी तू म्हणतेस, मार बुडी?"

आईचा आवाज एकदम चढला. इतका, की फोन फाटल्यासारखा झाला. "मी म्हातारी आहे, मला नातीचं वाचन बघायचंय! मरायच्या आधी बघायचंय! इथे आमच्या इमारतीत रोज एकेक दार बंद होतंय. तुझा राग तू ठेव, मला माझी नात दाखव!"

पण मावशीच्या गोष्टीत मला माझं उत्तर मिळालं होतं. मी मान डोलावणार नव्हते.

अध्यक्षांनी बैठक बोलावली, रविवारी दुपारी, सभागृहात. खुर्च्या एकमेकींपासून लांब मांडलेल्या, सगळ्यांच्या तोंडावर मास्क, खिडक्या उघड्या म्हणून अंगावर कोट. समितीचे चारजण, त्यात युफही. मी आणि नवरा समोर. खिडकीजवळ आमचं मेज आणि दीपवृक्ष, पितळ चमकत होतं. कोणीतरी नियमित पुसत असावं.

अध्यक्षांनी पुन्हा तेच सगळं समजावलं, आता डचमध्ये आणि जास्त विनम्रपणे. मी ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे मेज इथे ठेवायच्या आधी तुम्ही कोणाला विचारलं होतंत का, की हे करणारे हात कोणाचे आहेत?"

"ती वेगळी गोष्ट आहे."

"कशी वेगळी? या सामानाच्या सूचना कशाने सुरू होतात, सांगा. मापाने नाही. लाकडानेही नाही. आधी देव सांगतो, ज्याला मनापासून द्यावंसं वाटेल त्या प्रत्येकाकडून घ्या. प्रत्येकाकडून. आजीचं नाव विचारून मग घ्या असं नाही म्हणत."

"बाई, भावना समजतात," अध्यक्ष म्हणाले. "पण तुम्ही ग्रंथच काढलात म्हणून सांगतो. त्यातल्या कारागिराचं नाव दिलंय, बापाचं दिलंय, आजोबांचंही दिलंय आणि कुळ कोणतं तेही. वंशाला तिथेही महत्त्व आहे."

माझा आवाज कापायला लागला. दुसऱ्याच्या भाषेत भांडताना माझा आवाज कापतो, आणि त्याचाही मला राग येतो. "त्याचं कुळ सांगितलंय ते मान म्हणून! त्याला दारात उभं करून, कागद दाखव आणि मग छिन्नी उचल, असं कोणी म्हटलं नव्हतं. माझ्या आजीचं नाव मी सांगते, लिहून घ्या. पणजीचंही सांगते. त्या कोकणात शुक्रवारी दिवे लावायच्या, तुम्ही इथे लावता तसेच. पण तुम्हाला नाव नकोय. तुम्हाला नावावर शिक्का हवाय, आणि तोही दुसऱ्या कोणाचा."

मी युफकडे पाहिलं. महिनोन्‌महिने तिने माझ्या मुलीला दर आठवड्याला शिकवलं होतं, तिचे उच्चार घोटून घेतले होते. ती खाली, स्वतःच्या बुटांकडे पाहत होती. तिने मान वर केली नाही. खरं सांगते, अध्यक्षांपेक्षा मला त्या क्षणी तिचा राग जास्त आला.

मी उठले आणि खिडकीजवळ गेले. मेज उचललं.

"ते मंडळींना दान दिलेलं आहे," अध्यक्ष म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ नव्हता.

"कोणी दिलं?" मी म्हटलं. "जिच्याबद्दल तुम्हाला खात्री नाही तिने. मग घेताना खात्री कशी होती?"

दोन्ही हातांत मेज, दार उघडायला हात नाही, अशी मी उभी राहिले. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वाद कशाला म्हणणारा माझा नवरा उठला होता. त्याने दीपवृक्ष काखोटीला मारला आणि खांद्याने दार ढकलून धरलं. गाडीत बसल्यावर मात्र म्हणाला, "वेबसाइटचा पासवर्ड त्यांना पाठवून देतो. उगाच म्हणायला नको." मी त्या दिवशी पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता रडले.

पुढे काही आठवडे तसेच गेले. पुन्हा निर्बंध आले, पुन्हा दुकानं बंद. मुलगी वाचनाचा सराव करेना. पुस्तक तिच्या खोलीत पालथं पडलेलं असायचं. मी काही म्हटलं की, "कोणासाठी?" एवढंच विचारायची.

एका सकाळी दार वाजलं. बाहेर युफ. आगगाडीने आणि पुढे सायकलने आली होती, थंडीने नाक लाल. मी तिला आत ये म्हटलं नाही. ती म्हणाली, "मी अंगणातच बोलते." आम्ही मागच्या अंगणात उभ्या राहिलो.

"माझी आई महायुद्धात एका शेतकऱ्याच्या माळ्यावर लपून वाचली," ती म्हणाली. "तिच्या घरच्यांपैकी कोणी परत आलं नाही. कागद सगळे जळाले. युद्ध संपल्यावर ती तिच्या गावच्या सिनेगॉगमध्ये गेली, तर तिथल्या माणसाने विचारलं, तू त्यांचीच मुलगी कशावरून? शेजारच्या गावच्या खाटकाने साक्ष दिली म्हणून तिचं लग्न झालं."

मी म्हटलं, "हे तुला त्या दिवशी माहीत होतं."

"हो."

"आणि तू बुटांकडे बघत होतीस."

"हो," ती म्हणाली. "ती माझी शेवटची माणसं आहेत. त्यांनी मला काढलं तर मी कुठे जाणार, या भीतीने."

मला तिची कीव आली आणि रागही गेला नाही. दोन्ही एकदम असू शकतं हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "मला काही सांगू नकोस. तिला सांग." आणि मुलीला हाक मारली.

त्या दोघी सायकलींच्या खोलीत जाऊन बसल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. बऱ्याच वेळाने आतून मुलीचा वाचल्याचा आवाज आला. अडखळत, पुन्हा पहिल्यापासून. युफ मध्येच तिला थांबवत होती आणि उच्चार सुधारत होती. मी स्वयंपाकघरात चहा टाकला.

वाचन आमच्या अंगणात झालं. हिवाळा संपत आला होता, आदल्याच दिवशी बहुतेक निर्बंध उठले होते. आमच्याकडे चामड्याची पवित्र गुंडाळी नव्हती, छापील पुस्तकच होतं. आइंडहोवनचे मराठी मित्र आले, पुण्याचे, साताऱ्याचे. त्यांना हिब्रूतलं अक्षर कळत नव्हतं, पण चपला काढायच्या का, असं प्रत्येकाने दारात विचारलं. सिनेगॉगमधली तीन कुटुंबं आली. युफ आली. खुर्चीवर टेकवलेल्या टॅबलेटवर ठाण्याची आई, पांढरी साडी नेसून, नको इतकी जवळ बसलेली, त्यामुळे आम्हाला फक्त तिचं कपाळ दिसत होतं.

मुलगी वाचायला उभी राहिली. माणसांनी स्वतःहून इतकं आणलं, की शेवटी कारागिरांना पुरे म्हणून सांगावं लागलं, तो भाग. मग मेज, मग दीपवृक्ष. ती वाचताना थंडीने कापत होती, पण आवाज कापत नव्हता. वाचन झालं आणि टॅबलेटमधून आई ओरडली, "जरा मोठ्याने वाचायला सांगा! इथल्या गाड्यांच्या आवाजात शेवटचं ऐकू आलं नाही." मुलीने कोणाकडे न बघता शेवटचा भाग पुन्हा वाचला. मोठ्याने.

मग आम्ही मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर फळं, ताट मधे ठेवून प्रार्थना. कोकणात आमचा कुठलाही आनंद या ताटाशिवाय पुरा होत नाही. युफने याआधी ते पाहिलं नव्हतं. प्रत्येक गोष्टीचं नाव विचारून घेतलं आणि दोनदा वाढून घेतलं.

सगळं गोड झालं असं वाटेल. झालं नाही. अध्यक्षांनी आजवर एका शब्दाने चुकलं म्हटलेलं नाही. वसंतात त्यांचा एक छोटा निरोप आला: मुलं मेजाबद्दल विचारतात, खिडकीपाशी रिकामं वाटतं, काही दिवसांसाठी देता येईल का? मी उत्तर लिहिलं: मुलांना आमच्याकडे पाठवा.

मुलं आली, एका रविवारी. युफ त्यांना घेऊन आली. सगळी एका गाडीत मावत नव्हती, म्हणून दुसरी गाडी अध्यक्ष स्वतः चालवत आले होते. मुलं धावत मागे गेली. मेजावर चढून बसू नका, असं माझी मुलगी त्यांना डचमध्ये दटावत होती. अध्यक्ष आत आले नाहीत. रस्त्यापलीकडे गाडी लावून आतच बसून राहिले. पाऊस लागला. काचेवर वाफ धरली होती, त्यातून इस्त्रीचा पांढरा शर्ट तेवढा दिसत होता.

मी खिडकीतून पाहत होते. मला त्यांना बोलवायचं नव्हतं. ते दार वाजवतील, एक वाक्य म्हणतील, तर मी उघडेन, एवढं मी मनात ठरवलं होतं. त्यांनी वाजवलं नाही.

थोड्या वेळाने नवरा कपात चहा घेऊन दाराकडे निघाला.

"कुठे?" मी म्हटलं.

"पावसात बसलाय माणूस."

"त्याला कोणी बसवलंय?"

"कोणी नाही," तो म्हणाला, आणि छत्री न घेताच बाहेर पडला.

मी पाहिलं. गाडीची काच खाली झाली, कप आत गेला. दोघं काहीतरी बोलले, फार नाही. नवरा भिजून परत आला. मी विचारलं, "काय म्हणाला?"

"थँक यू म्हणाला. विचारत होता, चहात आलं आहे का."

"बस?"

"बस."

मी ओट्याशी वळले आणि मुलांसाठी ठेवलेली बिस्किटं ताटलीत अशी ओतली, की दोन फुटली.